दोन माठ

२०२५च्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गावी गेलो होतो. दर्यापूरहून ऑटोनं तासभर. एप्रिल संपत आलेला, दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली काळी रानं, आणि त्यांच्यावर थरथरणारी उन्हाची झळ. घरात शिरलो तो थेट माजघरातल्या माठापाशी गेलो, लहानपणापासूनची सवय. ग्लास बुडवला, तोंडाशी नेला, तेवढ्यात वहिनी पुरणाच्या हातानं धावत आली आणि तिनं ग्लास काढूनच घेतला. "थे नोका घेऊ भाऊजी, थे आमचं हाय. तुमचं तिकडं ठेवलं हाय." तिकडं म्हणजे खिडकीखाली, नवा माठ, तोंडाला पांढरं फडकं बांधलेला, वर स्टीलची झाकणी. शहानूरच्या नळयोजनेचं पाणी. आठ-दहा दिवसांतून एकदा नळ येतो तेव्हा टाक्या-पिंपं भरून ठेवतात, त्यातलं. आणि 'आमचं' म्हणजे आडाचं. मी कोरड्या घशानं उभा होतो. तिनं दुसरा ग्लास भरून दिला, मी प्यालो, थंड होता, गोड होता. वहिनीचा हेतू चांगलाच होता. तरी काहीतरी खुपलं ते खुपलंच.

माझं पाणी वेगळं झालं होतं.

नंतर घागर भरायची वेळ आली. आमच्याकडे आखाजीला पितरांच्या नावानं नवी घागर भरतात, वर डांगर, आंबा, कुरडई, पुरणपोळी. वहिनीनं ती घागर खिडकीखालच्या माठातून भरली. मी म्हटलं, "पितरांना नळाचं? ते तर जन्मभर आडाचं प्याले." मोठी माय खाटेवर पडल्यापडल्या म्हणाली, "म्हनूनच तं." सगळे हसले. मीही हसलो. पण जेवताना मनात तेच घोळत राहिलं, की या घरात चांगलं पाणी दोघांनाच मिळतं: मेलेल्यांना आणि पुण्याला गेलेल्यांना.

दुपारी सगळे आडवे झाले तेव्हा मी चोरासारखा उठलो आणि जुन्या माठातलं पाणी प्यालो. एक घोट. जिभेच्या कडेनं आधी मचूळ चव चढते, मग खार कळतो, आणि गिळल्यावर घशात काहीतरी मागे राहतं, पाटीवरची पेन्सिल चाटल्यासारखं. दुसरा घोट घेता आला नाही. ज्या पाण्यावर शाळेच्या सगळ्या सुट्ट्या काढल्या, ते माझ्या जिभेनं परकं ठरवलं होतं. वहिनीला ते माझ्या आधी कळलं होतं, हे जास्त लागलं.

खारपाणपट्ट्यातल्या माणसाला खारपाणपट्टा समजावून सांगायची गरज नाही, आणि बाहेरच्याला सांगून तो कळत नाही. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेली ही सगळी गावं. कागदागणिक आकडा बदलतो, पण नऊशेच्या आसपास. वरून पाहावं तर इतकी काळी, इतकी खोल, इतकी देखणी जमीन दुसरीकडे नसेल. सातपुडा आणि अजिंठ्याच्या रांगा यांच्यामधल्या खळग्यात नदीनं हजारो वर्षं आणून टाकलेला गाळ, शेकडो फूट जाड. आणि त्याच्या पोटातलं पाणी खारं. ते पाणी पिकाला दिलं तर जमीनच चोपण होऊन बसते, म्हणून विहीर असून शेत कोरडवाहू. पावसावर कापूस, तूर, सोयाबीन. पुढे ओल टिकली तर हरभरा. आता शेततळी झालीत, आभाळातलं गोड पाणी साठवून एखादं पाणी देता येतं, तेवढाच दिलासा. घरात पाहावं तर भांड्यांवर पांढरे डाग, साबणाला फेस नाही, डाळ शिजता शिजत नाही. हापशीचे पाइप कुजून जातात. गावातली तीन माणसं आज डायलिसिसला अमरावतीला जातात. डॉक्टरांनी पाण्याचं नाव घेतलेलं नाही. गावात दुसऱ्या कशाचं नाव घेत नाहीत. आणि पोरगी द्यायची म्हटली की पलीकडचा बाप आधी विचारतो, खारपाणातले का? आमच्या दादाचं लग्न जमायला त्यापायी चार वर्षं गेली होती. वहिनी अचलपूरकडची, संत्र्याच्या पट्ट्यातली. गोड्या पाण्यातून आली. तिला ग्लास हिसकावायचा अधिकार आहे.

माझ्या बाबतीत अजून एक भानगड आहे. माझं अर्धं बालपण दुसऱ्याच पाण्यावर गेलं. बाबा जिल्हा परिषदेचे शिक्षक, त्यांची बदली धारणीला. मेळघाटात, तापीच्या काठच्या तालुक्यात. तिथल्या तापीला उन्हाळ्यात काळ्या खडकांमधून जेमतेम धार असायची, कोरकू बाया काठच्या वाळूत हातानं झिरे उकरायच्या आणि वाटीवाटीनं घागर भरायच्या. त्या झिऱ्याचं पाणी मी प्यालोय. त्याला चव म्हणून काही नव्हतीच, फक्त गारवा होता आणि थोडा वाळूचा वास. सुट्टी लागली की आम्ही गावी निघायचो आणि बाबा दहा लिटरचा एक पांढरा प्लास्टिकचा कॅन तापीकाठच्या विहिरीच्या पाण्यानं भरून सोबत घ्यायचे. आजीसाठी.

धारणीहून हरिसाल, सेमाडोह, मग घाट उतरून परतवाडा, तिथून अंजनगाव, तिथून दर्यापूर. सगळा दिवस एसटीत. कॅन बाबांच्या दोन पायांच्या मध्ये. सागाची पानं गळालेली, रानभर मोहाचा गोडूस वास, वळणावर वळणं आणि माझ्या पोटात ढवळणं. कंडक्टर ओळखीचा झाला होता. "गुरुजी, दारू नेऊन राह्यले का रॉकेल?" बाबा म्हणायचे, "पानी." तो दर खेपेला हसायचा. मेळघाटातून खाली पाणी नेणारा माणूस त्यानं दुसरा पाहिला नसावा. घाटाच्या माथ्यावर कुठेतरी बाबा खिडकीबाहेर बोट दाखवायचे. इथून मागे पडलेला पाऊस सिपना, गडगा अशा नद्यांनी तापीत जातो. इथून पुढे पडलेला शहानूर, चंद्रभागेतून आपल्या पूर्णेत. आणि शेवटी जळगावकडे चांगदेवला पूर्णा तापीलाच मिळते. "म्हंजे गोल फिरून एकच," असं ते म्हणायचे. मला त्या वयात वाटायचं, मग आपण उगाचच कॅन वाहतोय.

आजी त्या पाण्यानं डाळ लावायची. चुलीवर पातेलं चढलं की आम्ही पोरं भोवती बसायचो, कारण एरवी तास न् तास कडक राहणारी तूर त्या पाण्यात भराभर विरघळायची आणि आजी प्रत्येक वेळी पहिल्यांदा पाहिल्यासारखी "मायबाई!" म्हणायची. बाकीचं पाणी ती तांब्यातांब्यानं वाटायची. शेजारच्या आजारी म्हाताऱ्याला एक, बाळंतिणीला एक, समोरच्या घराशी भांडण होतं तिकडेही एक, गुपचूप. दोन दिवसांत कॅन रिकामा. स्वतः मात्र प्यायची नाही. बाबांनी एकदा आग्रह केला तर घोट घेऊन म्हणाली, "याले काही चवच नाही रे बापू." आणि आडाचा तांब्या उचलला.

हे सगळं त्या आखाजीच्या दुपारी आठवलं असं म्हणणं खोटं होईल. त्या दुपारी फक्त ग्लास खुपत होता. बाकीचं पुण्याला आल्यावर, दहा दिवसांनी आठवलं. १० मे २०२५, शनिवार. टीव्हीवर सगळीकडे युद्ध चाललं होतं, ड्रोन, सायरन, नकाशे, आणि संध्याकाळी शस्त्रसंधीची बातमी आली. सिंधू पाणीवाटप करार त्याआधीच, २३ एप्रिलला, स्थगित केला होता. १९६० सालचा करार, मधली युद्धं पचवून टिकलेला, तो थांबवला म्हणून लोक पाण्यावर तावातावानं बोलत होते. त्याच दिवशी भोपाळला मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांनी तापी खोरे महापुनर्भरण प्रकल्पाच्या करारावर सह्या केल्या. ही बातमी मला रात्री मोबाइलवर खाली सरकवता सरकवता दिसली, आणि मी थांबलो ते 'धारणी'जवळचा नकाशा पाहून.

योजना वाचली तर आधी हसू आलं. सीमेवर, खाऱ्या-घुटीघाटच्या परिसरात, तापी अडवायची, पुराचं वाहून जाणारं पाणी कालव्यांनी सातपुड्याच्या पायथ्यानं न्यायचं आणि तिथल्या गोट्या-वाळूच्या थरांत जिरवायचं. पायथ्याला हा दगडगोट्यांचा पट्टा आहे, बझाडा म्हणतात त्याला. पाणी तिथं चाळणीतून उतरावं तसं खाली उतरतं. एकूण ३१.१३ टीएमसी. त्यातलं ११.७६ मध्य प्रदेशाचं, १९.३६ महाराष्ट्राचं. ओलीत होणारी जमीन दोन्ही राज्यांत मिळून साडेतीन लाख हेक्टरांच्या वर. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणाचं नाव लाभार्थ्यांत आहे. एक टीएमसी म्हणजे २,८३१ कोटी लिटर. मी वेड्यासारखा कॅल्क्युलेटर काढला. महाराष्ट्राच्या वाट्याचं पाणी बाबांच्या कॅनानं मोजलं तर साडेपाच हजार कोटी कॅन भरतात. बाबा वर्षाला दोन न्यायचे, उन्हाळ्यात एक आणि दिवाळीत एक.

दुसरी गोष्ट वाचून मात्र हसू गेलं. दोन राज्यांच्या ज्या नियंत्रण मंडळाच्या बैठकीत हे ठरलं, ते मंडळ पंचवीस वर्षांनी बसलं होतं. पंचवीस वर्षं! मी शिकून नोकरीला लागलो, बाबा गेले, दादाच्या पोरीचं लग्न झालं, एवढ्या काळात नदीच्या दोन काठांची माणसं एका टेबलाशी आली नाहीत. या काळात योजनेचा आराखडाही बदलला म्हणतात. आधी मोठं धरण होतं, त्यात गावं आणि वाघाचं जंगल बुडत होतं. आता धरण लहान केलंय, गाव उठणार नाही असं सांगतात. हे चांगलंच. उशिरानं का होईना, शहाणपण. पण मेळघाटात वाढलेल्या माणसाला एक प्रश्न पडतोच. वऱ्हाडातला सगळ्यात जास्त पाऊस त्या डोंगरात पडतो, आणि उन्हाळ्यात चिखलदरा तालुक्यातल्या खडीमलसारख्या गावात टँकर विहिरीत ओततात तेव्हा बाया कठड्यावरून बादल्या सोडत एकमेकींवर पडतात. पाणी त्यांच्या अंगावरून खाली येईल. झिरे उकरणाऱ्या त्या बाया सह्यांच्या फोटोत कुठे असणार? उभ्या राहायच्याच झाल्या तर कुठल्या राज्याच्या बाजूनं?

राज्य हा तसा अलीकडचाच प्रकार आहे. आमच्या घरातल्या लोखंडी पेटीत आजोबांच्या शेताचं १९५३ सालचं खरेदीखत आहे, त्याच्यावर ठळक 'मध्यप्रदेश' असं छापलंय. लहानपणी मला वाटायचं, आजोबांनी भोपाळकडे जमीन घेतली होती की काय. तेव्हा वऱ्हाड मध्य प्रदेशातच होतं, राजधानी नागपूर. अमरावती, बैतूल, निमाड सगळं एका छत्राखाली. म्हणजे मुलताईला उगम पावलेली तापी थेट बऱ्हाणपूर ओलांडेपर्यंत एकाच राज्यातून वाहायची, आणि भैंसदेहीकडून येणारी आमची पूर्णाही. १९५६च्या नोव्हेंबरात रेघ पडली. पाण्याचा 'आंतरराज्य प्रश्न' झाला तो तेव्हा. पाणी होतं तिथंच होतं. बाबा पहिली-दुसरीत मध्य प्रदेशचे विद्यार्थी, पुढे मुंबई राज्याचे, १९६० नंतर महाराष्ट्राचे. शाळा तीच, आड तोच.

दादाला फोन केला. त्यानं बातमी वाचलीच नव्हती. मी उत्साहानं सांगत गेलो, कालवे, पुनर्भरण, बझाडा. त्यानं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आपल्या आडाचं गोड होईन का?" मी म्हटलं, तसं लगेच नाही, पाणी वर पायथ्याशी मुरेल, आधी तिकडच्या विहिरींना येईल. "तिकडं म्हंजे अंजनगाव, अकोट, अचलपूर?" हो. "संत्र्याले, केळीले?" मी गप्प. "मंग थे आपल्यालोक काऊन येऊ देतीन?"

याला उत्तर नव्हतं, कारण उत्तर आम्ही दोघांनीही पाहिलं होतं. वान धरणाचं पाणी खारपाणातल्या गावांना पिण्यासाठी द्यायचं ठरलं, तर तेल्हाऱ्याकडचे शेतकरी उठले: धरण आमच्या सिंचनासाठी बांधलं, ते बाहेर का? बाळापूर तालुक्यातल्या ६९ गावांची योजना अडकली, तेव्हा २०२३च्या एप्रिलात अकोल्याहून नागपूरपर्यंत लोक खारं पाणी घेऊन पायी निघाले होते. एकच राज्य, एकच जिल्हा, मधे जेमतेम एक-दोन तासांचा रस्ता. आणि दोन्ही बाजू खऱ्या. ज्याची केळी जळते तो खोटं बोलत नाही, आणि ज्याचा बाप डायलिसिसवर आहे तोही नाही. दादाची मुलगी तेल्हारा तालुक्यातच दिलीय. तिच्या सासरी गेलं की हा विषय काढायचा नाही, असं वहिनीनं त्याला बजावून ठेवलंय. तिकडे चहाला गोडं पाणी असतं, दादा मुकाट्यानं पितो. व्याही येतात तेव्हा वहिनी त्यांना खिडकीखालच्या माठातलं देते. दोन्ही सरकारांना पंचवीस वर्षं जमलं नाही ते ती दर दोन महिन्यांनी निभावते, पण तेही विषय न काढता. ह्याला सहकार्य म्हणायचं की नुसती सोयरीक, मला ठरवता येत नाही. बहुतेक भोपाळलाही असंच काहीसं असेल. सोपं आधी लिहून घेतलं असेल, अवघड पुढच्या बैठकीला. पुढची बैठक एवढ्या उशिरानं होऊ नये, इतकंच.

मोठी माय फोनवर आली. तिला एवढंच कळलं होतं, की तापीचं पाणी येणार आहे. "तुह्या बापानं तं कधीच आनलं होतं," म्हणाली.

गावाहून निघालो त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. वहिनी वाटेसाठी बाटली भरत होती, अर्थात नळाचं. मी म्हटलं, वहिनी, तुमच्यातलं द्या. ती म्हणाली, भाऊजी, पोट बिघडीन, रेल्वेत कुठं पळसान? मी हट्टच धरला. शेवटी तिनं जुन्या माठातून बाटली भरली आणि दुसरी नळाची भरून पिशवीत टाकली, मला न विचारता. दर्यापूरहून मूर्तिजापूरची काळीपिवळी घेतली. माझ्या बाजूला एक बाई, मांडीवर चार-पाच वर्षांचा पोरगा, घामेजलेला, किरकिरणारा. नळाची बाटली पिशवीसकट गाडीच्या टपावर गेली होती. हातात होती ती आडाची. पोराचं लक्ष तिच्यावर. बाई म्हणाली, "दोन घोट देता का भाऊ याले?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नको, हे नका देऊ, खारं आहे."

बाईनं माझ्याकडे पाहिलं. काही बोलली नाही. माझ्या हातातून बाटली घेतली, झाकण काढलं, पोराच्या तोंडाला लावली. गाडी तेव्हा लाखपुरीजवळ पूर्णेच्या पुलावर चढत होती. खाली पात्रात हिरवट डबकी होती आणि एका डबक्यात म्हशी. पोरगा डोळे मिटून घटाघट प्याला, हनुवटीवरून ओघळ छातीपर्यंत आला, तरी थांबला नाही. मग धाप टाकत बाटली मला परत केली. अर्ध्याच्या वर रिकामी होती.